गोंदाचे एकपानी माहितीपत्रक मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. नोंद दुरुस्ती अधिकारी,
रसायन व उत्पादन सुरक्षा कक्ष,
तांगेरांग.

विषय : बुटांच्या गोंदाचे, माझ्या नावाचे एकपानी माहितीपत्रक रद्द करून पूर्ण माहितीपत्रक कारखान्यांत लावणेबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज दि. ११ जून.
२) माझा अर्ज दि. ६ ऑगस्ट (हरकत घेऊन परत).

महोदया,

१. मी, इमास रोहायाती, येथील एका सल्लागार कंपनीत आठ वर्षे नोकरीस होते. रंग, गोंद, खेळणी बनवणाऱ्यांना ज्या देशात माल पाठवायचा तिथले नियम सांगणे, चाचण्या करून घेणे आणि सुरक्षा माहितीपत्रके तयार करणे हे माझे काम होते.

२. चार वर्षांपूर्वी एका गोंद कंपनीसाठी मी सात देशांची सात माहितीपत्रके केली. प्रत्येकात सोळा भाग. "वाफ दीर्घकाळ श्वासातून गेल्यास नसांना इजा होते" हे वाक्य मी सातही भाषांत तपासून घेतले होते. आठवे पत्रक इथल्या कारखान्यांसाठी होते. तेव्हा गोंद कंपनीचे व्यवस्थापक श्री. हेंद्रावान म्हणाले, "इमास, आपल्याकडच्यांना कशाला सोळा भाग? एका पानात बसव. वाचतंय कोण?" मी एका पानात बसवले. "हवेशीर जागेत वापरावे" एवढे ठेवले. नसांचे वाक्य जागेअभावी गेले. खाली तयार करणारी म्हणून माझे नाव आले, ते नियमाने लागते.

३. या गोंदाने चिकटवलेले बूट सर्व देशांत पास झाले. गोंद वाळला की त्यातले हेक्झेन नावाचे द्रावक उडून जाते, बुटात काही उरत नाही. उडून कुठे जाते, हा रकाना कोणत्याही नमुन्यात नव्हता. मीही विचारले नाही. हा गोंद इथल्या कोणत्या कारखान्यांत जातो, हेदेखील विचारले नाही.

४. माझी थोरली बहीण युयुन हिला मी तेते म्हणते. ती बालाराजा येथील एका बूट कारखान्यात तळ चिकटवण्याच्या ओळीवर होती. गेल्या लेबारानच्या सणानंतर चालताना तिची चप्पल पायातून निघून पडू लागली आणि तिला कळेना. "चप्पल रुसलीय गं माझ्यावर, न सांगता जाते," म्हणून ती हसायची. आम्हीही हसलो. पुढे सोयाबीनचे टेंपे तळताना तिचा अंगठा कढईला टेकला. तो भाजतोय हे तिला वासावरून कळले. डॉक्टरांनी नसांची तपासणी केली आणि कामावर काय वापरता ते लिहून आणायला सांगितले. तिने कारखान्याच्या भिंतीवरचा कागदच घडी घालून आणला.

५. तो कागद माझा होता. मी तिला विचारले, "तेते, हा तिथे कुणी वाचतं का?" ती म्हणाली, "वाचतं म्हणजे? मीच वाचून दाखवला सगळ्या पोरींना. खाली तुझं नाव होतं ना! म्हटलं, माझ्या बहिणीनं लिहिलंय, बिनघोर काम करा." यावर मी काय बोलले ते आठवत नाही. ताटे वाढली असावीत, कारण नंतर मी ती घासली.

६. पहिला अर्ज घेऊन मी आपल्या कक्षात आले तेव्हा खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांनी सांगितले की बदल फक्त गोंद कंपनी मागू शकते. कंपनीचे म्हणणे, तक्रार आलेली नाही, त्यामुळे बदलाची गरज नाही. कर्मचारी सज्जन होते. आदराने म्हणाले, "इबु, तुमचं नाव तेवढं वगळून देतो. एक नमुना भरा, दहा मिनिटांचं काम आहे." नाव वगळले तरी कागद भिंतीवर तसाच राहणार होता. मी नमुना भरला नाही.

७. त्यानंतर मी पूर्ण पत्रक आपल्या बोलीत सोपे करून लिहिले आणि कारखान्याच्या फाटकावर वाटले. वाचून काही जणींनी तिथेच चपला काढल्या आणि पायांना चिमटे काढून पाहिले. बहुतेक जणी चपला घालून आत गेल्या. सहा जणी पुन्हा पुन्हा चिमटे काढत राहिल्या. त्याच आठवड्यात माझी नोकरी गेली. मी अमान्य माहिती वाटते, अशी माझ्याविरुद्ध तक्रारही आपल्याकडे आली आहे. ती माहिती सात देशांत मान्य आहे. मान्यतेची पत्रे सोबत जोडली आहेत.

८. तरी विनंती की,
(अ) एकपानी पत्रक रद्द करावे व पूर्ण पत्रक प्रत्येक पिंपावर आणि भिंतीवर लावण्याचा आदेश द्यावा.
(ब) त्या सहा जणींची नसांची तपासणी करवून घ्यावी. त्यांची नावे वेगळ्या बंद पाकिटात आहेत. ती कारखान्याला कळू नयेत.
(क) एकपानी पत्रक लिहिल्याबद्दल नियमात जी कारवाई असेल ती माझ्यावर करावी. नसल्यास तसे लेखी कळवावे.

९. दुसरा अर्ज परत करताना आपण हरकत घेतली आहे की बाधित कामगार म्हणून केलेली युयुन यांची सही ओळखपत्रावरील सहीशी जुळत नाही. याबाबत खुलासा असा की, पेन बोटांत आहे की सुटले हे त्यांना बघितल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे सही करताना त्या कागदाकडे बघत नाहीत, पेनाकडे बघतात. काल त्यांनी तीन वेळा सही केली. दोनदा त्यांनी कागदाकडे बघितले, तेव्हा पेन खाली पडल्यावरही हात कागदावर फिरत राहिला. तिसरी या अर्जावर आहे. ती त्यांचीच आहे. मी शेजारी बसले होते, हात धरला नव्हता.

आपल्या आदेशाच्या प्रतीक्षेत, नम्रपणे,

(सही)
इमास रोहायाती

(सही)
युयुन रोहायाती, बाधित कामगार

तांगेरांग, दि. २३ सप्टेंबर

सोबत : माहितीपत्रके आठ, मान्यतेची पत्रे सात, डॉक्टरांचा अहवाल, बंद पाकीट एक.