अंगठ्याखालची झडप

विश्रांतवाडी, पुणे
९ जुलै २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि त्या अर्ध्यावर तू पूर्ण भांडतोस. मोबाइलवर लिहावं तर नुसता अंगठा पाठवून मोकळा होतोस. तेव्हा कागदच बरा.

बाबांना हॉस्पिटलातून घरी आणलंय. पक्षाघाताने उजवी बाजू गेली. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून आखूड नळी बसवलीय. कफ त्यांना स्वतःहून काढता येत नाही. छातीत घरघर सुरू झाली की गळ्यातून एक बारीक नळी आत सरकवायची आणि मशीनने कफ ओढून घ्यायचा. हिंजवडीच्या आमच्या कंपनीत मी नेमकं ह्याच नळीचं काम करते. नेहमीच्या नळीचं टोक श्वासनलिकेला चिकटतं, आतली नाजूक त्वचा ओरबाडतं, आणि कफाबरोबर रक्त येतं. आम्ही टोक गोल केलं, भोकं बाजूंना घेतली. यंदा परवानगी मिळाली आणि डॉक्टरांनी बाबांनाही तीच लिहून दिली. म्हणजे ऑफिस सुटलं तरी ऑफिस सुटत नाही.

डावा हात शाबूत आहे, आणि स्वभावही. राधाताई दिवसा त्यांच्याजवळ थांबायच्या. त्यांच्या मनगटाला बाबा असे चावले की आतलं मांस दिसलं. त्या काम सोडून गेल्या. परवा स्टीलची वाटी माझ्या भुवईवर बसली. टाके पडले. ऑफिसात विचारलं तेव्हा दारावर आपटले म्हणून सांगितलं. आई शेजारणींना हेच सांगायची ना?

पुढच्या आठवड्यात मला हॉस्पिटलांमध्ये नळी दाखवायला दिवसभर फिरायचंय. चार दिवस येशील? कल्याणीवहिनींना नमस्कार. माया असू दे, राग असला तर तोही घेऊन ये, पण ये.

तुझी,
उत्कर्षा


अकोला
१४ जुलै २०२४

चि. उत्कर्षा हिस,
अनेक आशीर्वाद.

टाक्यांचं वाचून लगेच लिहायला बसलो.

तू नळी कशी असते ते कळवलंस. हात कसा असतो ते मी कळवतो, कारण तू तेव्हा खाटेखाली होतीस. मी सातवीत होतो. ते कारखान्यातून आले आणि आईला मारायला लागले. मी मध्ये उभा राहिलो. त्यांनी माझे केस धरून डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं, एकदा, मग पुन्हा. मी खाली पडलो तेव्हा उचलून उभं केलं आणि उघड्या पंजाने कानावर मारलं. दिवसभर लोखंड ठोकणारा पंजा होता तो. आत काहीतरी फाटल्याचा आवाज आला. त्या कानाने ऐकलेला तो शेवटचा आवाज. कानातून रक्त गळत होतं आणि ते पाटावर बसून जेवत होते. आईला भाकरी गरम करून वाढायला सांगितली.

त्या माणसाचा कफ मी काढू? घरघर वाढू दे की, मी तर म्हणतो.

हे कल्याणीने वाचलं. ती म्हणाली की त्यांच्यासाठी जाऊ नका, तिच्या भुवईसाठी जा. शाळेतून रजा घेतलीय. बुधवारी पोचतो. मी येतोय हे त्यांना सांगू नकोस.

जखमेला पाणी लागू देऊ नकोस. तुझ्यावर जीव असलेला,

आनंददादा


अकोला
२५ जुलै २०२४

चि. उत्कर्षा हिस,
अनेक आशीर्वाद.

रजा संपली म्हणून लवकर निघालो, असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं. खरं काय झालं ते वाच आणि मग ठरव, मला दादा म्हणायचं की नाही.

शुक्रवारी दुपारी त्यांची घरघर सुरू झाली. तू शिकवलं होतंस तसं मशीन लावलं, नळी हातात घेतली. मी वाकलो तशी त्यांनी माझी कॉलर धरली, खाली ओढलं आणि त्याच कानावर मूठ मारली. नेम चुकला नाही. डोक्यात घंटा वाजायला लागली. मी त्यांचा हात गुडघ्याखाली दाबला. हाड करकरलं, तरी दाबला. नळी आत खुपसली, पुढे जाईना तोवर. मग तिच्या बाहेरच्या टोकाजवळच्या भोकावर अंगठा ठेवला. तू बजावलं होतंस की अंगठा ठेवला की ओढ सुरू होते, म्हणून लगेच काढायचा. मी काढला नाही.

त्यांचा चेहरा जांभळा झाला, ओठ काळे पडले. टाचा गादीवर आपटत होत्या. तोंड उघडं होतं पण गळ्याला भोक असल्यामुळे आवाज निघत नव्हता. उत्कर्षा, मला ते आवडत होतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघत होतो आणि त्यांनी माझ्याकडे बघावं, हेच मला हवं होतं.

मग अंगठ्याखाली फस्सकन आवाज झाला. काहीतरी उचललं गेलं आणि ओढ थांबली. मी आणखी जोरात दाबलं, पण ओढ काही लागेना. मी थांबलो नव्हतो, नळी थांबली होती. तेवढ्यात मी भानावर आलो. नळी बाहेर काढली, ऑक्सिजन लावला. रंग परत यायला लागला. नळीत कफ होता, रक्त नव्हतं. मी मोरीत जाऊन हात धुतले, आणि धुतच राहिलो.

त्या अंगठ्याखाली तू काय बसवलं आहेस?

आशीर्वाद द्यायला मी लायक नाही, पण सवयीने देतो.

आनंददादा


विश्रांतवाडी, पुणे
६ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कंपनीच्या बसमध्ये वाचलं. वाकडला उतरले आणि घरची बस धरली. ऑफिसला गेलेच नाही.

तुला दादाच म्हणणार आहे. पण तू जे केलंस त्याला मी काहीही नाव दिलं तरी ते मारणंच होतं, हे आपल्यात स्पष्ट असू दे. बाबांनी आधी मारलं, हे खरं. तुझ्या गुडघ्याखाली त्यांचा एकच चालता हात होता, हेही खरं.

अंगठ्याखाली स्प्रिंगची झडप आहे. दमलेली नर्स किंवा घाबरलेला नातेवाईक अंगठा काढायला विसरला, तर काही सेकंदांनी ती उघडते आणि अंगठा उचलेपर्यंत बंद होत नाही. मारायला निघालेल्या माणसाचा विचार आमच्यापैकी कुणी केला नव्हता. गेल्या आठवड्यात आमचे रणजित सर म्हणाले की पुढच्या खेपेत झडप काढून टाकू, लोकांना नीट शिकवलं की पुरे. मी म्हणाले, हात शहाणाच असेल असं धरून नळी करता येत नाही. त्यांनी उदाहरण मागितलं. मी इतकी ओरडले की बाहेरचे लोक आत आले. उदाहरण दिलं नाही. झडप राहिली.

डॉक्टरांना मात्र सगळं सांगितलं, तुझ्या नावासकट. त्यांनी दुर्बीण घालून तपासलं. आत जखम नाही, मनगट सुजलंय. ते मला म्हणाले की ह्या घरात ह्या माणसाला आता तुम्ही दोघांनीही हात लावू नये. ऐकून बरं वाटलं, दादा. असं आपल्याला कुणी आधी सांगायला हवं होतं.

काल बाबांना कात्रजच्या शुश्रूषा केंद्रात ठेवलं. तिथल्या नर्स पूर्णिमा मॅडमनी गळ्याच्या नळीला बोलता येईल असं टोपण लावून पाहिलं. पहिला शब्द तुझं नाव होता, दुसरा शिवी. मॅडम हसून म्हणाल्या की आवाज छान मोकळा आहे.

कान दाखवायला पुण्याला ये. दुसरा मार बसलाय त्याला, अंगावर काढू नकोस. घरी आता आपणच असू.

निघताना बाबांनी माझं मनगट पकडलं. इतकं घट्ट, की आज त्यावर निळे वळ आहेत. मारायला धरलं होतं की थांबवायला, ते त्यांच्या डोळ्यांतून कळेना. मी वाट पाहिली. मग त्यांचं एक एक बोट सोडवलं, हात चादरीवर ठेवला आणि जिना उतरून आले.

वहिनींना घेऊन ये. तुमच्या दोघांच्या मायेवरच आता माझी भिस्त.

तुझी,
उत्कर्षा