ओट्याखालचे बॉक्स

आदरणीय सांडूभाऊ,

संघपालचा सप्रेम जय भीम. सिल्लोडला सगळे बरे असाल. वहिनींच्या गुडघ्यांना उतार पडला का? मी ठीक आहे. (बारा दिवस स्वतःच्या हातची खिचडी खाऊन माणूस जितका ठीक राहतो, तितका.) सरिता माहेरी तुमच्याकडे सुखरूप पोचल्याचं आमच्या लेकीकडून, अमृताकडून कळलं. बायको फोन घेत नाही, म्हणून पत्र तुम्हाला लिहितो आणि भांडतोही तुमच्याशीच.

कारण भाऊ, हे सगळं तुमच्यामुळं झालं. स्वयंपाकघराचं काम निघालं तेव्हा तुम्ही आला होता. ओट्याखाली वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "आरं, तुमच्या नळाला आठ दिसांनी पाणी. तिथं वॉटरप्रूफ प्लाय लावून कुणाला आंघोळ घालतो?" सगळे हसले. मला मात्र ते पटलं. आमच्या बद्रीनाथ मिस्त्रीनं दोन तुकडे समोर ठेवले होते. एक मरीन प्लाय, म्हणजे तोच पाण्यात टिकणारा, वीट उचलावी तसा जड. दुसरा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा डिंकात कालवून दाबलेला आणि वरून पांढरा कागद चिकटवलेला. "अंदर कौन झांकता साब, दरवाजे अच्छे लगाव," असा त्याचा सल्ला. मग ओट्याखालच्या कपाटांचे बॉक्स भुशाचे झाले आणि दारं मरून रंगाची, आरशासारखी. काम झाल्यावर आलेल्या पाहुण्यांनी त्यात बघून भांग पाडले. (बॉक्स उघडून कुणी पाहिले नाहीत, हे मिस्त्रीचं खरं निघालं.)

आता पाणी नसलेल्या शहरात पाणी राहतं कुठं, हे तुम्हा सिल्लोडकरांना काय ठाऊक! ते स्वयंपाकघरात राहतं. पाण्याच्या दिवशी आमच्या घरात पिंप, बादल्या, कुकर, अमृताची डब्याबरोबरची बाटली, सगळं भरतं आणि भरलेलं सगळं ओट्याखाली जातं. शिवाय इथं पाण्याची वाट पाहणारा माणूस नळ बंद ठेवत नाही. तो उघडाच ठेवायचा, म्हणजे पाणी आलं की आवाजानं कळतं. त्या दिवशी मीही नळ उघडा ठेवला, नळी ओट्याखालच्या पिंपात सोडली आणि शेंद्र्याला कामावर गेलो. सरिता विहारात गेली होती. पाणी उद्या यायचं होतं. ते आजच आलं, आणि तीन तास आलं. एरवी अर्ध्या तासात तोंड फिरवणारं पाणी त्या दिवशी माझ्या घरी पाहुणचाराला बसलं.

बोर्ड फुगला, मऊ झाला आणि खाली बसला. त्यात सरितानं उन्हाळाभर गच्चीवर राबून केलेलं होतं सगळं: कुरडया, पापड, सांडगे, वर्षाचं तिखट. दारं तेवढी तशीच चमकत उभी होती. सरितानं एक उघडलं, आतला लगदा मूठभर उचलला, भुसा आणि तिखट एक झालेला, आणि माझ्या तळहातावर ठेवला. संध्याकाळच्या एसटीनं निघाली. भाऊ, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घर फार गप्प आहे.

तेव्हा यापुढं लोकांच्या घरी जाऊन ओट्याखाली वाकत जाऊ नका, एवढीच विनंती.

आपला,
संघपाल

ता.क. वहिनी हे पत्र वाचतीलच, म्हणून सांगतो. जिना उतरताना तुम्ही मागं वळून "पण लाव मात्र प्लायच," असंही म्हणाला होता. ते मी वर लिहायचं राहिलं.

ता.क. २. सरितानंही विचारलं होतं, आत काय लावताय म्हणून. मी म्हणालो, तुला काय कळतं त्यातलं. वीस वर्षं त्या ओट्याशी ती उभी आहे आणि हे मी म्हणालो.

ता.क. ३. सिल्लोडच्या एसटीच्या कंडक्टरकडे पिशवी दिली आहे. तीन दुकानांतले प्लायचे तीन तुकडे आहेत. पाण्यात सुटतो का ते बघायला प्रत्येक तुकडा मी चार तास उकळला आहे. (कुकरचं बूड काळं झालं, ते तिला सांगू नका.) पिशवी तिच्यासमोर ठेवा आणि म्हणा, संघपालनं विचारलंय, कुठला लावू. तिनं ज्यावर बोट ठेवलं, तो कळवा. तिन्ही चुलीत घातले, तर तेही कळवा.