रिकामी गव्हाण

२७ नोव्हेंबर १९५७
पोचलो एकदाचे! चांद्याहून आलापल्लीपर्यंत बस आणि पुढे भामरागडच्या वाटेने मिशनची बैलगाडी. रेमेतने वाटेत माहेरची आठवण काढली, मग मला वेडा म्हणून घेतलं. बाळ मात्र गाडीत ढाराढूर. वसई सोडून इतक्या लांब मास्तरकी करायला कोण येतं? हा इनास मास्तर येतो! घर ऐसपैस आहे. मागचं दार उघडलं की पायवाट थेट नदीवर जाते. पत्रू मिशनची राखण करतो, त्याची बायको बुधरी स्वयंपाक करते. फादर औषधपाण्यासाठी नागपूरला निघालेत, तोवर शाळा आणि चर्च माझ्या हवाली.

२८ नोव्हेंबर
आज इथला नाताळचा गोठा पाहिला आणि थक्क झालो. चर्चच्या पडवीत बारा महिने मांडलेला असतो, पुतळे माणसाएवढे. एका परदेशी ब्रदरने उभी हयात घालवून एकाच सागाच्या झाडातून ते कोरले आणि बाळ येशू त्या झाडाच्या गाभ्यातून काढला. चेहरे सगळे इथलेच. मेंढपाळांच्या खांद्यावर इथल्या माडिया आदिवासींची कुऱ्हाड. बाळाला भेटी आणणाऱ्या तीन राजांच्या कमरेला सुरे, हातात मध, मोहाची फुलं आणि डिंक! मरिया दोन्ही हात पुढे करून गव्हाणीवर वाकली आहे, शेजारी तिचा नवरा योसेफ. फादर निघताना म्हणाले की गोठ्यातलं काही हलवू नका. म्हातारी माणसं असं सांगतातच.

१ डिसेंबर
आगमनकाळ, नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू झाला. आमच्या वसईत नाताळच्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवतात. बाळ जन्मायच्या आधीच गव्हाणीत कसं असेल? राजेही लांबून, रोज थोडे थोडे पुढे आणायचे. इथे कोणाला काही रीतभात नाही, म्हणून मीच हौसेने कामाला लागलो. बाळ येशूला उचलून माझ्या धोतरात गुंडाळलं आणि ट्रंकेत ठेवलं. वजनाला अगदी आमच्या बाळाएवढं. राजांना पत्रूच्या मदतीने मागच्या पायवाटेवर, नदीजवळच्या जांभळीखाली नेऊन उभं केलं. पत्रू घाम पुसत सारखा मागे वळून बघत होता.

३ डिसेंबर
गव्हाणीत वरवंटा! बुधरीचं काम. बारशाला पाळण्यात आधी वरवंटा ठेवतात तसा, कापडात गुंडाळून ठेवलेला. विचारलं तर म्हणाली, "पोरगं काढलं तं काढलं मास्तर, पाळणा रिकामा काऊन ठेवता? कोनी भरून टाकन ना!" मी चिडलो, चांगलं सुनावलं आणि वरवंटा रेमेतला चटणी वाटायला देऊन टाकला. रेमेत म्हणाली, राहू दिला असता तर तुमचं काय बिघडलं असतं?

८ डिसेंबर
गव्हाणीत शाळेतल्या पोरांचं करडू मेलेलं सापडलं. बरगड्या आत गेलेल्या, डोळे बाहेर. पत्रूला म्हटलं, बिबट्या असेल. पण बिबट्या करडाला पेंढ्यावर निजवून वर पाला पांघरत नाही. हे कोणा वात्रट माणसाचं काम आहे, सापडला तर चामडी लोळवीन.

१२ डिसेंबर
आज कुत्रीचं पिल्लू. तसंच, दाबून दाबून चेंदामेंदा केलेलं. पेंढा रक्ताने चिकट झाला होता. मरियेच्या बोटांत केस अडकले होते. मीच धुऊन काढले. रेमेतला सांगितलं नाही. पत्रू म्हणाला, उद्यापासून मी तिथं बसतो.

१५ डिसेंबर
पत्रू गेला. दुपारी बुधरी भाकर घेऊन गेली तेव्हा पडवीत पडला होता. खांद्यापासून छातीपर्यंत फाडलेला. जखमेत सागाच्या ढलप्या होत्या. मी त्या हाताने काढल्या.
बुधरी रडली नाही. म्हणाली, "त्यानं पिल्लू देल्लं नाई मास्तर. म्हून मारला." पत्रूच्या अंगाखाली दुसरं पिल्लू जिवंत होतं.
गाववाले प्रेत घेऊन गेले, तिच्यासकट नदीपलीकडे. बैलगाडीही नेली. आता इथे आम्हीच.

१८ डिसेंबर
हरलो. बाळ येशू ट्रंकेतून काढून गव्हाणीत ठेवला. गुडघे टेकून माफी मागितली, मोठ्याने. जेवून परत गेलो तर तो चर्चच्या पायरीवर पडलेला, डोक्यापासून पायापर्यंत उभा चिरलेला.
त्या पुतळ्यांना आता लाकडाचं बाळ नकोय. ऊब कळली आहे त्यांना.

२१ डिसेंबर
रेमेत बाळाला खाली ठेवत नाही. पडवीकडे गेलो नाही. मेंढपाळ खिडकीतून दिसतात, आता आमच्या अंगणाच्या कुंपणाशी —
पाठ केली की जवळ येतात. गव्हाण रिकामी करून मी त्यांना इथे बोलावलं. मीच.

२४ डिसेंबर, दिवेलागण
बुधरी आली! पलीकडे न्यायला डोंगा नदीला लावलाय, बाईले अन् पोराले आत्ता धाडा म्हणाली आणि पुढे पळाली. रेमेत बाळाला पदराखाली घेऊन मागच्या दाराने गेली. तिला हाक मारावीशी वाटली. मारली नाही.

पाळण्यात वरवंटा ठेवलाय, बाळाच्या दुपट्यात. मी दोरी ओढतोय, एका हाताने लिहितोय. त्यांना इथेच यायचंय, येऊ देत. तेवढ्यात डोंगा सुटेल. बाळ वाचलं पाहिजे, बस, माझं काय व्हायचं ते होवो.

अंगणात लाकडी पावलं —

दार फुटलं. मेंढपाळ, कुऱ्हाडी खांद्यावर. योसेफ. मागे ती, मरिया.

एकाने दुपटं उघडलं. वरवंटा उचलला. पुन्हा ठेवला, हळूच. मला बोटही लावलं नाही.

सगळे मागच्या दाराकडे तोंड करून उभे आहेत. तिचे हात तिकडेच पुढे. वाट बघतेय. पण कोणाची —

राजे नाहीत यांच्यात.

राजे मीच उभे केले — त्याच वाटेवर, जांभळीखाली — रेमेत, थांब, रेमे