दोन उर्दू, एक बांग्ला

९ फेब्रुवारी २००१, शुक्रवार
आजपासून जनगणना. शाळेतून आम्हा सहा शिक्षिकांना जुंपलंय. माझ्या वाट्याला टेमघरची लूमची, म्हणजे यंत्रमागांची गल्ली, आणि त्यातच दशरथ भाऊजींच्या बारा खोल्या. ह्यांचा सख्खा चुलतभाऊ. काकांनी जिथे भात लावला तिथे भाऊजींनी भाडेकरू लावले. पीक बारमाही.
शुक्रवार, लूम बंद, म्हणून पुरुष घरी. घरी म्हणजे झोपलेले. एका खोलीत नऊजण ओळीने. कुटुंबप्रमुख कोण? "जो पहले उठेगा, मॅडम."

१२ फेब्रु., सोम.
स्टाफरूममध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न : "तुमच्या ब्लॉकात आपले किती?" उर्दू माध्यमाच्या सरांनी विचारला, तेलुगू माध्यमाच्या बाईंनी विचारला, आमच्या पाटीलबाईंनी तर हळू आवाजात विचारला. येताना रिक्षावाल्यानेही. तो जौनपूरचा. चौघांचे 'आपले' वेगळे. मी चौघांना एकच उत्तर दिलं : "भरपूर." चौघेही खूश.
भिवंडीत 'आपले' नेहमी कमी आणि 'ते' नेहमी वाढलेले. हा चमत्कार कुठल्या रकान्यात लिहायचा?

१३ फेब्रु.
घसा बसला. लूम चालू असताना दारात उभं राहून जनगणना म्हणजे लिलाव पुकारल्यासारखं. "आपकी जानकारी गुप्त रहेगी!" हे मी आज किमान तीस दारांत बोंबलून सांगितलं. समोरच्या चहावाल्याला आता सगळ्यांची वयं पाठ आहेत. एका बाईचं मी चुकीचं ऐकलं तर त्यानेच दुरुस्त केलं.

१५ फेब्रु., गुरु.
आज जे झालं ते डोक्यातून जात नाहीये.
भाऊजींची खोली नं. सात. नवरा जमीरुल ड्युटीवर. बायको रोकेया, कडेवर आठ महिन्यांची मुलगी. गाव मालदा, जिल्हाही मालदा, पश्चिम बंगाल. सगळं नीट लिहिलं. मग मातृभाषा. तिला समजेना. दोनदा ओरडले. शेवटी म्हटलं, "तुम्हारी माँ तुमसे किसमें बोलती थी?" तेव्हा चेहरा असा उजळला! इथे आल्यापासून तिला तिच्या आईबद्दल कोणी विचारलं नसावं. जोर काढून, लूमच्या वर आवाज चढवून ती ओरडली : "बांग्ला!"
नेमकी लाइट गेली. गल्लीतले सगळे लूम एका दमात गप्प. त्या शांततेत तिचं 'बांग्ला' या टोकापासून त्या टोकापर्यंत. चहावाल्याने मान वळवली. समोरच्या ओट्यावरचे दोघे उठून उभे राहिले.
ती हसतच होती. नंतर थांबली.
मी लिहिलं. तिची बांग्ला, नवऱ्याची तिने सांगितली ती बांग्ला, पोरीचीही. पक्क्या शाईने.

१६ फेब्रु.
जमीरुल सकाळी आमच्या घरी आला. चप्पल दाराबाहेर, ओट्याच्या दोन पायऱ्या खाली काढलेली. "मॅडम, उर्दू लिख दीजिए ना. इधर सब उर्दू बोलता है. बांग्ला लिखेगा तो बांग्लादेशी बोलेगा सब." मालदा भारतात आहे, फॉर्मवर लिहिलंय, म्हटलं. "आपको मालूम है, मॅडम. सेठ को कौन बताएगा?"
सेठ म्हणजे आमचे भाऊजी.
खोडायचं तर सुपरवायझरची सही लागते. बघते म्हटलं. हा माझा आवडता शब्द. त्यात काहीच करावं लागत नाही.

१८ फेब्रु., रवि.
भाऊजी आले. हातात खारबावची ताजी कोलंबी, म्हणजे काम आहे.
"वैनी, सातमदी बांगलादेशी हायत ना?"
"मालदाचे आहेत."
"सगलं तेच सांगतान. उद्या पोलीस आलं तर खोली कोनाची? माजी. फॉर्म दाखवा."
"तो गुप्त असतो."
"गुप्त? आख्ख्या गल्लीनी आयकलाय!"
बरोबरच आहे. मी कोलंबी सोलत बसले.
माणूस वाईट नाही. रोकेयाच्या बाळंतपणात स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. तेव्हा भाषा विचारली नव्हती. आता म्हणतात, पाच मार्चला फॉर्म जमा होतात ना, तेव्हा सांगा. कागदावर उर्दू असेल तर राहूदे, बांग्ला असेल तर पाचलाच सामान बाहेर.
उर्दूने भिंतींना काय गिलावा होतो कोण जाणे.

२१ फेब्रु.
सुपरवायझर शेवाळेसरांना विचारलं. "सूचना वाचा बाई. जो जे सांगेल ते लिहायचं. वाद घालायचा नाही." आणि बायको एक सांगेल, नवरा दुसरं? सरांनी चष्मा काढला. "नवरा-बायकोत पडायचं हे कुठल्याच सूचनेत नाही." एक ते पाच मार्च फेरतपासणी आहे, तेव्हा बदलता येईल. मी सही देतो, म्हणाले. आणि तान्ह्या मुलाची मातृभाषा आई सांगेल ती.

२५ फेब्रु., रवि.
आमच्याकडची मोजणी झाली. शेजारच्या शाळेत शिकवणारी मुलगी आली होती. ह्यांनी पेपर वाचता वाचता सगळ्यांची भाषा सांगून टाकली : मराठी. सासूबाई मोरीतून बाहेर आल्या तोवर ती गेलीसुद्धा.
"मना कोनी इचारलाच न्हाय. मी आगरी बोलतंय."
हे म्हणाले, "आई, तीच गं ती." दिवसभर सासूबाई कोणाशीच बोलल्या नाहीत. आगरीतही नाही.
संध्याकाळी भाऊजी आले. तुम्ही काय लिहिलंत, विचारलं. छाती काढून म्हणाले, "मराठी! आगरी येगली लिवली तं आपली मान्सं कमी दिसतील ना, वैनी."
"म्हणजे तुम्ही सोयीची लिहिलीत."
"आपली गोस्ट येगली."
येगलीच.

१ मार्च, गुरु.
फेरतपासणी सुरू. खोली नं. सातला कुलूप. दोघं कुठे गेली चहावाल्याला माहीत नाही. त्याला माहीत नाही म्हणजे कोणालाच नाही. घरी येऊन कणीक दोनदा मळली. पहिल्यांदा मीठ विसरले, दुसऱ्यांदा दोनदा घातलं.

३ मार्च
आहेत. रोकेयाला ताप होता, दवाखान्यात होती. उद्या जाते.

४ मार्च, रवि.
जमीरुल घरी. सगळं स्पष्ट सांगितलं. पाच तारखेचंही. तो म्हणाला, तीनों का उर्दू. मी म्हटलं, रकाना ज्याचा त्याचा वेगळा असतो, ज्याने त्याने सांगायचं. त्याने आपली सांगितली. उर्दू. खाली बघून. मी खोडून लिहिली.
मग तिच्याकडे वळले. तापाने चेहरा उतरलेला. लूम चालू होते, पण ती ओरडली नाही. माझ्या कानाजवळ येऊन म्हणाली, "मेरा वही रहने दो. माँ मर गया मेरा."
जमीरुल चिडला. बांग्लात बरंच बोलला. उर्दू लिहून अजून शाई वाळली नव्हती.
मुलीचं? पोर माझ्या ओढणीचं टोक चोखत होती. तिला अजून एक शब्द येत नाही. जन्म भिवंडीचा, या खोल्यांत तसं लिहून घेतलेली ती पहिलीच.
रोकेयानेच सांगितलं. "इसका उर्दू लिखो. इसको इधर ही रहना है."
मी पेन धरून बसले. तिनेच फॉर्मवर बोट ठेवलं. जागा बरोबर होती. मी लिहिलं.
म्हणजे बापाची उर्दू, लेकीची उर्दू, मधे आईची बांग्ला. दहा बाय दहाच्या खोलीत दोन उर्दू, एक बांग्ला. अल्पसंख्याक तयार व्हायला एवढी जागा पुरते.

५ मार्च, सोम.
अकराला फॉर्म जमा करायचे. शेवाळेसरांच्या दोन सह्या कार्यालयातच मिळतील.
भाऊजी साडेनऊलाच आलेत. आज हातात काही नाही. बाहेर ओट्यावर सासूबाईंनी दिलेला चहा घेतायत. दारातच म्हणाले, "फॉर्म न्हाय दाखवायचा तं नका दाखवू. तुमी नुसतं सांगा. तुमचा शब्द मना चालंल."
फॉर्म मागितला असता तर कायदा पुढे करता आला असता. हा विश्वास कुठे ठेवू?
मी उर्दू म्हणाले तर खोटं नाही, दोनास एक उर्दूच आहे. आणि तिने आईसाठी तापात राखून ठेवलेली एक ओळ माझ्याच तोंडाने पुसली जाईल. बांग्ला म्हणाले तर दुपारी तिची पिंपं रस्त्यावर. सांगत नाही म्हणाले तर ते बांग्ला म्हटल्यासारखंच.
सासूबाई स्वयंपाकघरातून सांगतायत, "दशरथ, मना इचार ना, मी सांगतंय तुला." त्यांना यातलं काहीच माहीत नाही. बाहेर हसले ते.
हाक आली. "वैनी, येता ना?"
जाते. खोलीपासून ओट्यापर्यंत सात-आठ पावलं आहेत. तेवढ्यात ठरवायचं.