मागच्या दाराचे नवे दांडे

ती. दादांस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा उभ्याउभ्याच केला असं समजावं). वहिनींचे गुडघे, तुमचा खोकला आणि तुमच्या कुत्र्याचा स्वभाव, तिन्ही सुधारले असतील अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

तुम्ही तुमची जुनी गाडी बहिणीला मोठ्या मनाने दिलीत, पण तिच्या मागच्या दाराबद्दल चकार शब्द काढला नाहीत. वर उचललेलं दार तोलून धरणारे जे दोन गॅसचे दांडे असतात, त्यांनी तुमच्याच घरी प्राण सोडला होता. दार उचलायचं, आणि सोडलं की ते डोक्यावर. इतकी वर्षं तुमची बहीण ते दोन्ही हातांनी वर धरून उभी राहायची आणि मी सामान भरायचो (सूचना अखंड चालू: जड आधी, अंडी शेवटी, आणि माझ्या हातांना रग लागलीय, तुम्ही काय आतच झोपलात?). नवे दांडे बसवू म्हटलं की म्हणायची, "दोन माणसं आहेत ना घरात, मग दांडे कशाला?" तेव्हा तो हिशेब बरोबर होता. आता घरात एकच माणूस आहे.

तिचं शिलाई मशीन शिवणवर्गाला द्यायचं, हे तिने दवाखान्यात माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, तेही "टेम्पो करू नका, स्वतः नेऊन द्या" या अटीसकट. वर्गाच्या बाईंचे निरोपावर निरोप यायला लागले, तेव्हा परवा मी कंबर कसली (तिचं पुढे काय झालं ते वर लिहिलंच आहे). म्हटलं, आधी दाराचं बघू. लांब दांड्याच्या झाडूचा टेकू दिला. झाडू घसरला आणि दार टाळूवर आलं. शेजारचे निवृत्त बँकवाले दार धरायला धावले, पण त्यांना हातवारे केल्याशिवाय बोलता येत नाही आणि बोलल्याशिवाय राहवत नाही. माझ्या डोक्यावरचं दुसरं टेंगूळ त्यांच्या कृपेने.

मग नवे दांडे आणायला गेलो. दुकानदाराने गाडी कुठली, कोणत्या सालची, असं विचारलं. मी म्हटलं, ते राहू द्या हो, चांगले दमदार द्या, दार धरायला परत माणूस लागता कामा नये. त्याने बहुधा मालवाहू गाडीचे दिले. बसवले मीच. (दाराच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर काढताना त्याचे चिमटे कटाकट तुटले. तेही तुमच्याच काळातले.) कुलपात वंगण घातलं, खटका दाबला, आणि दार असं उसळलं की माझा चष्मा शेजाऱ्यांच्या कुंडीत. बरं, उघडलं ते उघडलंच. मी त्याला लोंबकळलो (कंबर धरली ती इथे), पण ढिम्म हललं नाही. शेवटी शेजारी आणि मी, दोघे लोंबकळलो, तेव्हा मिटलं. आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हेच. पूर्वी दार उघडं ठेवायला दोन माणसं लागायची, आता बंद करायला दोन लागायला लागली. मी तिथेच बंपरवर बसलो आणि मला रडू फुटलं. शेजाऱ्यांना वाटलं, कंबर दुखतेय. मी वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी दांडे बदलून आणले, या गाडीचे. वर एक सुधारणाही केली: दाराच्या आतल्या बाजूला जाड कापडी पट्टा लावला, म्हणजे ओढला की दार खाली येतं. पट्टा हाताने शिवला. टाके वाकडे आहेत (तिने उसवायला लावले असते). आता खटका दाबला की दार अलगद उठतं, वर थांबतं, पट्टा ओढला की मिटतं. एका माणसाला पुरे. सकाळपासून मी ते उगाचच उघडतोय आणि मिटतोय. इतकं चांगलं चालतं की बघवत नाही.

वहिनींना नमस्कार सांगावा, कुत्र्याला दुरूनच.

आपला मेहुणा

ता. क. दार नादुरुस्त आहे, म्हणून मशीन आणता येत नाही, असं मी वर्गाच्या बाईंना कळवून ठेवलं होतं. आता तीही सबब गेली.

आणखी एक. मशीन अजून खोलीतच आहे. सुईखाली उशीचा अर्धा शिवलेला अभ्रा आहे. "येते हं" म्हणून ती त्यावरून उठली आणि दवाखान्यात गेली. दोरा कापल्याशिवाय मशीन हलवता येत नाही. कात्री मी रोज हातात घेतो आणि ठेवून देतो. दादा, तुम्ही तिचे थोरले भाऊ. तुम्ही या आणि तेवढा दोरा कापा. दार धरायची आता गरज नाही, तरी मी धरून उभा राहीन.