ढब्बूचा विमानप्रवास

तीर्थरूप मामा,

नमस्कार साष्टांगच घातला असता, पण घरसामान उचलून कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त उभ्यानेच गोड मानून घ्यावा. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामी काय म्हणतात ते विचारत नाही, कारण माझं पत्र आलं की त्या काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

सामान ट्रकने आलं, आम्ही विमानाने आलो आणि कपाट एका पायाने लंगडं झालं. पण खरी कथा माशांची. चिमणीला (नऊ वर्षांची झाली, तरी चिमणीच) तुम्ही वाढदिवसाला सहा गप्पी मासे दिले होतेत. ‘सगळे नर आहेत, पसारा वाढायची भीती नाही,’ हे तुमचेच शब्द. सहाच्या सहा जिवंत पोचले नाहीत तर नव्या घरात पाऊल टाकणार नाही, असं तिने बजावलं होतं. पोरगी बोलेल ते करते, माझ्या आजोळावर गेली आहे.

मासेवाल्याने (पाळायचे विकणारा, खायचे नव्हे) सांगितलं, निघण्याआधी दोन दिवस उपाशी ठेवा, नाहीतर पिशवीतलं पाणी नासेल. मी टाकीवर चिठ्ठी डकवली: ‘अन्न बंद.’ सर्वांत जाड्या ढब्बूवर माझी विशेष नजर होती. पण आमच्या घरात उपाशी जीव बघवतो कुणाला? आई पहाटे उठून चिमूटभर टाकायची, तुमची सूनबाई ओटा आवरता आवरता, आणि चिमणी दर तासाला. प्रत्येकीला वाटत होतं, दया काय ती आपल्यालाच आहे.

ढब्बूला त्याच्या आकारामुळे स्वतंत्र पिशवी, बाकी पाचांना दुसरी. दोन्हींत ऑक्सिजन भरून थर्माकोलच्या खोक्यात ठेवल्या आणि फॉर्मवर लिहिलं, ‘जिवंत मासे: सहा.’ इथे उतरल्यावर मालवाहतुकीच्या खिडकीवरच्या कारकुनाने खोकं उघडून मोजले, चष्मा लावला, पुन्हा मोजले. ढब्बू चक्क सडपातळ झाली होती आणि तिच्याभोवती पापणीच्या केसाएवढी पिल्लं पळत होती. कारकून म्हणाला, “साहेब, कागदावर सहा आहेत. हे बाकीचे कुठून चढले?” सगळं ऑफिस गोळा झालं. शेवटी त्याने सहाच्या पुढे ‘व कुटुंब’ असं लिहून शिक्का मारला. चिमणी खोकं उराशी धरून नव्या घरात सर्वांच्या आधी शिरली. मामा, मला फार आनंद झाला.

मासेवाल्याला फोन केला तर म्हणतो, पिल्लांची आई खरोखर उपाशी असती तर तिने पिल्लंच गट्ट केली असती. तेव्हापासून घरातल्या तिन्ही चोर मान ताठ करून फिरताहेत.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. तीन नव्हे, चार. मीही दोनदा टाकलं होतं. सूनबाईला कळवू नये.

ता. क. दुसरा: पत्र घेऊन आलेल्या माझ्या धाकट्या भावाच्या दुसऱ्या हातात पिशवी आहे, ती आधी घ्या. चिमणीची तुम्हाला भेट. अकरा पिल्लं आणि सोबतीला एक मोठी, मिळून बारा. निदान निघताना तरी बाराच होते. मोठी अलीकडे जरा अंगाने भरली आहे. खाऊन असेल.