मंत्रीणबाईंच्या भावाची बाग

वाइडनआऊ, ७ मार्च १९८३

चि. ट्राउडेल हीस,
गेबहार्टचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल.

काल संध्याकाळी रेडिओवर तुझं नाव ऐकलं. सांगणाऱ्याने आपल्या आडनावाचा पार चुथडा केला, पण तू निवडून आलीस एवढं कळलं. तुझी लीझेलवहिनी नूडल्सचं पीठ मळत होती, ती तशीच पिठाच्या हातांनी रडायला लागली. मी काही रडलो नाही. गोठ्यात जाऊन गाईंना बातमी सांगितली आणि जरा वेळ तिथेच थांबलो.

गुत्त्यावर अर्थातच टिंगल चालू आहे. ओस्वाल्ड खाटीक म्हणाला, झाडापाखरांचा पक्ष बॉनला पोचला, आता पार्लमेंटात चिमण्या घरटी करणार. मी म्हटलं, बाबा रे, नदीकाठच्या रानात वीजकेंद्र होऊ नये म्हणून तुझी बायकोही कडाक्याच्या थंडीत तिथे बसली होती, विसरलास? सगळं गाव बसलं होतं. यंत्रं आली तशी परत गेली. माझ्या ट्रॉलीवर उभी राहून तू पहिलं भाषण ठोकलंस, तेव्हा तुझे पाय लटपटत होते. मी खालून धरले होते ते ट्रॉली हलते म्हणून, असं लोकांना वाटलं.

मत कोणाला दिलं, असं विचारलं होतंस. एकाच मतपत्रिकेवर माणसाला दोन मतं असतात, ही देवाचीच सोय. एक पाद्रीबाबांच्या पक्षाला दिलं, नेहमीप्रमाणे. दुसरं तुझ्या. वहिनीने दोन्ही तुझ्याच पक्षाला दिली असणार, पण ती ताकास तूर लागू देत नाही.

बाबा लढाईवरून परत आले असते तर आज हे पत्र त्यांनी लिहिलं असतं. माझ्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरावर भागवून घे. गरम जेवत जा.

माया आहेच, ती कुठे जात नाही. पत्र मात्र येऊ दे.
तुझा गेबहार्ट


बॉन, १९ ऑक्टोबर १९८४

ती. गेबहार्टदादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीने पाठवलेला मुरंबा पोचला. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी अर्धा फस्त केला आणि वर, तुमच्या वहिनी दुसऱ्या पक्षाला मत देत असतील तर त्यांना आपल्यात ओढा, असं म्हणाल्या.

मंगळवारी मी सभागृहात वाळत चाललेल्या जंगलांवर बोलले. मागच्या बाकावरून एक गृहस्थ ओरडले की घरी जाऊन कोबी शिजवा. मी म्हटलं, शिजवते, पण तुमच्या धुराड्यांच्या आंबट पावसात वाढलेला कोबी आहे, पहिला घास तुम्ही घ्यायचा. सगळे हसले. त्यांच्या बाकावरचेसुद्धा. तुला वाटेल, काय धीट झाली आपली ट्राउडेल! तर खोलीवर येऊन कोरडा पाव खाताखाता मी हमसून रडले, हेही ऐकून ठेव.

आमच्या पक्षाचा नियम तुला ठाऊक आहे. दोन वर्षं झाली की जागा पुढच्याला द्यायची, खुर्चीची चटक लागू नये म्हणून. वसंतात माझी पाळी. काही जण म्हणतात नियम गेला खड्ड्यात, तू बस. दादा, खरं सांगू? चटक लागली आहे. आता कुठे मला कागद कसे पुढे सरकवायचे ते कळायला लागलं होतं. काय करू?

मी तुझ्याशी भांडते खरी, पण विचारायला तुझ्याकडेच येते. असंच येऊ देत जा.
तुझी ट्राउडेल


वाइडनआऊ, २६ ऑक्टोबर १९८४

चि. ट्राउडेल,
अ. आ.

नियम मूर्खपणाचा आहे. गाय दुधाला आली की विकायची, असला कारभार आमच्याकडे कोणी करत नाही. पण तू लोकांसमोर शब्द दिलास ना? मग ऊठ आणि घरी ये. खुर्ची पुन्हा मिळेल, शब्द मोडला तर तो सांधायला लोहार मिळत नाही. तुझ्या शाळेतली पोरं आपल्या बाईंची वाट बघताहेत. वहिनी म्हणते, एखादा बरा माणूसही बघून ठेवू का. मी सांगितलं, आधी त्या माणसाला विचार.

ये लौकर. तोवर लोभ तिकडे, राग इकडे ठेवतो.
गेबहार्ट


राज्याची राजधानी, ३ सप्टेंबर १९९६

ती. गेबहार्टदादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र माझ्या मंत्रालयाच्या कागदावर लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. परवा वर्तमानपत्रात येईल, त्याआधी माझ्याकडून कळावं.

वाइडनआऊचा नदीचा बांध मागे सरकणार. नव्या बांधाला दारं बसतील. मोठा पूर आला की रान आणि आपल्याकडची खालची शेतं काही दिवस पाण्याखाली सोडायची, म्हणजे खालच्या अंगाची शहरं बुडणार नाहीत. आपण आणि आपल्या आजोबांनी नदीला बांधांमध्ये कोंबून कोंबून पार गटार केलं. ते पाणी कुठेतरी जाणारच. मी सगळे नकाशे पाहिले. दुसरीकडे हलवता येईल का, हेही पाहिलं. माझा भाऊ तिथे आहे म्हणून हलवायचं, एवढंच कारण उरलं. ते मी मांडलं नाही.

तुझी आलुबुखाराची बाग त्यात जाते. सगळी. बाबा गेल्यावर तू शाळा सोडून ती बाग धरलीस आणि तिच्या फळांवर मी शिकले. हे विसरून सही केली असं समजू नकोस. आठवत असताना केली.

हवं ते लिही, पण लिही.
तुझी ट्राउडेल


वाइडनआऊ, ९ सप्टेंबर १९९६

मा. पर्यावरणमंत्री महोदया यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. गावाने बांधविरोधी समिती स्थापन केली असून तिचे अध्यक्षपद माझ्याकडे आले आहे, हे आपल्या माहितीसाठी. पुढील पत्रव्यवहार समितीच्या पत्त्यावर करावा.

कळावे.
गेबहार्ट श्पेट


वाइडनआऊ, २ ऑक्टोबर १९९६

चि. ट्राउडेल हीस,
लीझेलवहिनीचे अ. उ. आ.

हे पत्र चोरून लिहिते आहे, तो सभेला गेला आहे म्हणून. ते 'महोदया' वाचून तू किती दिवस जेवली नसशील, ते मला कळतं. तोही जेवला नव्हता. तीन कागद फाडले, त्यातल्या एकावर 'चि.' लिहिलेलं मी पाहिलं.

रोज बागेत जातो. छाटणीची वेळ नसताना कात्री घेऊन जातो आणि काही न छाटता येतो. वीजकेंद्राच्या वेळी जे तुझ्यासोबत रानात बसले, तेच आता तुझ्याविरुद्ध पाट्या रंगवताहेत. परवा गुत्त्यावर ओस्वाल्डने तुझ्यावरून एक घाणेरडा शब्द काढला. हा उठला, त्याचा पेला त्याच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, तिला शिव्या द्यायच्या तर मी देईन, घरचा आहे म्हणून. ओस्वाल्ड, तू आधी तोंड धुऊन ये. मग परत बसून समितीचं कामकाज पुढे चालू.

तू सभेला येणार असं ऐकते. येऊ नकोस गं. लोक फार तापले आहेत. आलीसच तर जाड कोट घालून ये, काही फेकलं तर कमी लागेल.

जीव लावून आहे हो तुझ्यावर. त्याला सांगू नकोस, त्यालाही तेच सांगायचं असतं.
तुझी वहिनी


राज्याची राजधानी, २१ ऑक्टोबर १९९६

सौ. लीझेलवहिनीस,
सा. न. वि. वि.

कोटाचा उपयोग झाला. अंडी धुतल्यावर निघतात.

तू मागे बसली होतीस, सगळं दिसलं नसेल, म्हणून लिहिते. दादा उभा राहिला तेव्हा शिट्ट्या थांबल्या. त्याने मला 'आपण' म्हणून विचारलं की मंत्रीणबाईंच्या घरच्यांची जमीन असती, तर आपण सही केली असती का. त्याला उत्तर माहीत होतं, वहिनी. बाहेरगावच्यांना नव्हतं. मी म्हटलं, नकाशावरची पहिलीच बाग माझ्या भावाची आहे, आणि तो समोर उभा आहे. तो खाली बसला. मला वाटतं, हे मी सगळ्यांदेखत म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

नंतर बाहेर पुन्हा आरडाओरडा झाला, तेव्हा तो माझ्या बाजूने मोटारीपर्यंत चालत आला. दार लावलं आणि गेला.

त्याच्या खोकल्याकडे बघ. माझ्या वाटणीचंही बघ.
तुझी ट्राउडेल


वाइडनआऊ, २० जून १९९९

चि. ट्राउडेल हीस,
अनेक आशीर्वाद. बऱ्याच वर्षांचे साठले आहेत, जपून उचल.

तुमचं सरकार पडलं, तेव्हा लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. गावाने बँड लावला होता, मी घरात बसलो.

मे महिन्यात पूर आला, तुला ठाऊक आहेच. वहिनीची बहीण खालच्या शहरात राहते, तिच्या मदतीला गेलो. तळघर उपसताना शेजारच्या घरातून एका बुडून मेलेल्या म्हाताऱ्याला बाहेर आणलं. तळघरातली बटाट्याची पोती वाचवायला उतरला होता. माझ्याच वयाचा. त्याची बायको दारात उभी होती आणि लोकांना वाट सोडा म्हणत होती. आमच्याकडे तेव्हा बांधाच्या आत कोरडं ठणठणीत होतं. बागेत फळं धरली होती.

गेल्या आठवड्यात नवा मंत्री आला. गोड माणूस आहे. म्हणाला, समितीने एक अर्ज द्यावा, दुसऱ्या दिवशी योजना रद्द करतो. ओस्वाल्डने टाळ्या पिटल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले, अध्यक्षांची सही हवी ना. मी म्हटलं, मी सही करणार नाही, खणा. मंत्र्याला वाटलं मला कमी ऐकू येतं, त्याने पुन्हा समजावून सांगितलं. मी पुन्हा म्हटलं, खणा, माझ्या बागेपासून सुरुवात करा, आणि त्या म्हाताऱ्याचं सांगितलं. अध्यक्षपद तिथेच सोडलं. माझ्यामागून आणखी काही जण उठले. अर्ज गेला नाही. शरदात काम सुरू होईल.

तुझं बरोबर होतं, असं मी लिहिणार नाही. बागेचं मला अजून दुखतं, आणि ज्याचं दुखतं त्याच्याशी तू आधी येऊन बोलायला हवं होतंस, पत्राने नव्हे. एवढं भांडण मी मरेपर्यंत राखून ठेवणार.

पण गावात आता माझ्याशी कोणी बोलत नाही. गुत्त्यावर मी बसलो की शेजारची खुर्ची रिकामी होते. चर्चमध्ये हात पुढे केला तर ओस्वाल्ड हातातल्या टोपीकडे बघतो. वहिनीला बेकरीत शिळा पाव देतात. ट्राउडेल, एवढी वर्षं तू हे गिळत होतीस आणि वर कोबीचे विनोद करत होतीस. ते कसं करायचं असतं, मला माहीत नाही. या वयात शिकावं लागतंय.

तू आता रिकामी आहेस. ये, आणि रविवारी माझ्याबरोबर गुत्त्यावर चल. त्या खुर्चीवर तू बस. बोललं नाही तरी चालेल.

तुझा
गेबहार्टदादा